निळ्यातली हिरवी झाक

बेळगाव,
१२ जून १९९७

ती. स्व. अप्पाकाकांस जयाचा शि. सा. न. वि. वि.

वनजाला बाळंतपणासाठी तुम्ही म्हैसूरला नजरबादच्या घरी आणलंत, माझा अर्धा घोर मिटला. पण बहिणीलाही माझ्यासारखीच गरोदरपणात साखर निघाली हे वाचून वाईट वाटलं. काकू तिला भात मोजून वाढते आणि ही मागच्या दारी म्हैसूरपाक खाते म्हणे! तिला सांगा, धाकटेपणाचे लाड आता पुरे.

माझं थोडं लिहिते. डाव्या डोळ्यापुढे कोळिष्टकं तरंगतात म्हणून दवाखान्यात गेले. डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरताहेत, साखर बरीच वर्षं अंगात मुरलेली असावी, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. मी म्हटलं, शक्यच नाही. शशीच्या वेळी साखर होती, पण दीड महिन्यानं तपासून ती गेल्याची खात्री केली होती. त्यांना तो कागद हवा आहे. तुम्ही सकाळी बाटली घेऊन गेलात आणि साखर गेली म्हणत हसत आलात, एवढंच मला आठवतं. कुठे तपासलं होतं? तेवढा कागद शोधून पाठवाल?

काकूला नमस्कार. माया आहेच, ती तशीच राहू द्यावी.

तुमची,
जया

*

म्हैसूर,
१९ जून १९९७

चि. सौ. जयास अप्पाचे अ. उ. आ.

कागद शोधलाच नाही, बाळ. तो नाहीच. रक्त कुठे दिलंच नव्हतं.

इस्पितळानं तुला सहाव्या आठवड्यात बोलावलं होतं. काकू टांगा सांगून तयार बसली होती, मीच अडवलं. बाळंतिणीला वारा लागेल म्हटलं, पण खरं कारण निराळं. औषधाच्या दुकानातून मी बेनेडिक्टचं निळं द्रावण आणून ठेवलं होतं. त्यात लघवीचे आठ थेंब टाकून उकळायचं; निळं राहिलं तर साखर नाही, हिरवं, पिवळं, विटकरी होत गेलं तर आहे, असं एका पुस्तकात वाचलेलं. चाळीस वर्षं रंगाच्या कढईपुढे उभा राहिलेला माणूस मी. गिऱ्हाइकानं चिंधी दाखवली की नेमका तोच रंग उतरवून देणारा. मला रंग ओळखायला डॉक्टर कशाला, अशी घमेंड.

चार दिवस निळं राहिलं. पाचव्या दिवशी हिरवी झाक आली. दुसऱ्या कुणाला दिसली नसती, मला दिसली. द्रावण जुनं झालं असेल, खिडकीतून केळीच्या पानांचा उजेड पडला असेल, अशी मीच माझी समजूत घातली आणि आत येऊन तुला साखर गेल्याचं सांगितलं. काकूनं त्या दिवशी तुझ्या खिरीत गूळ वाढवला.

परवा इथल्या डॉक्टरांना विचारलं. रक्तात साखर बरीच चढल्याशिवाय लघवीत उतरत नाही म्हणे. म्हणजे निळ्या दिवसांचाही भरवसा नव्हता. अकरा वर्षं तू माझ्या शब्दावर निर्धास्त राहिलीस. काकू माझ्याशी बोलत नाही, ते बरंच आहे.

आशीर्वाद लिहायलाही हात कचरतो, तरी घे.

अप्पा

*

बेळगाव,
४ जुलै १९९७

ती. स्व. अप्पाकाकांस शि. सा. न.

पत्र दोनदा वाचलं, तेही उजव्या डोळ्यानं. डाव्याला लेसर सुरू केलंय. आहे तेवढी नजर राखता येईल, गेलेली येणार नाही.

तांबड्या पेशींना साखर चिकटून बसते, त्यावरून मागल्या तीन महिन्यांचा अंदाज येतो म्हणे. माझा फार वाईट आला. गरोदरपणी साखर चढते तेव्हा रक्तवाहिन्यांचं आतलं नाजूक अस्तर दुखावतं. बाळंतपणानंतर ती उतरली तरी पुढे मधुमेहाची आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या दुखण्याची भीती राहतेच, असं बाई सांगत होत्या. ती तपासणी त्याच्यासाठी होती, काका.

मी रागावले आहे. बाबांच्या मागे आम्हा दोघींना तुम्हीच वाढवलंत, त्यामुळे हा राग ठेवायचा कुठे ते कळत नाही. एकच करा. वनजाला सगळं तुमच्या तोंडून सांगा, मी सांगणार नाही. दीड महिन्याची बाळंतीण झाली की तिला उपाशीपोटी इस्पितळात न्या; वारा लागला तर लागू दे.

जया

*

म्हैसूर,
१९ सप्टेंबर १९९७

चि. सौ. जयास अ. उ. आ.

वनजा आणि तिची लेक खुशाल. पोरगी रडायला लागली की सारं नजरबाद जागं होतं, अगदी तुझ्यावर गेली आहे.

वनजाला बाळंतपणाआधीच सगळं सांगितलं, काकूसमोर. ती म्हणाली की अक्काचा डोळा बरा होईपर्यंत तुम्ही माझ्याशी सुम्ने, उगाच गोड बोलू नका. नाही बोललो.

परवा तिला रिक्षानं नेलं. उपाशीपोटी रक्त दिलं, साखरेचं पाणी प्यायली, दोन तासांनी पुन्हा दिलं. सुई टोचताना मीच डोळे मिटले, त्यावर ती नर्सबरोबर मला हसली. मधल्या दोन तासांत बाकावर बसून मी एकच मागत होतो, हिची तरी गेलेली असू दे.

गेली नाही, जया. साखर आहेच. पण डॉक्टर म्हणाले, अगदी वेळेवर आलात. आजपासून खाणं सांभाळलं, चालणं ठेवलं, दर वर्षी डोळे तपासले, तर काळजीचं कारण नाही. वनजा सुटका झाल्यासारखी हसली. काकूनं तर दारातच तिची दृष्ट काढली.

मला मात्र तो कागद हातात धरवेना. असल्या कागदावर अकरा वर्षांपूर्वीच तुझं नाव यायला हवं होतं.

तुला वाटेल तेव्हा चार ओळी लिही, नाही वाटलं तर नको. मी लिहीत राहीन.

तुझा,
अप्पा