फ्लेक्सवरचे शुभेच्छुक

रस्त्याचा कॅम्प, लेहच्या पुढे
४ जून २०२५

चि. योगिनीस, कुंदनचे पोतंभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र डिझेलच्या टँकरबरोबर पोचलं. इथं रेंज नाय, तेव्हा टँकरवालाच आमचा पोस्टमन. इंग्लंडच्या विद्यापीठात दहशतवाद आणि आंतरराष्ट्रीय सुरक्षा या विषयात एम. ए.ला नंबर लागला, वर शिष्यवृत्ती, हे वाचून मी पोकलेन चालू ठेवूनच नाचायला खाली उतरलो. मुकादम म्हणाला, आधी मशीन बंद कर, मग बहिणीचं कौतुक कर.

मी नववीत शाळेला रामराम ठोकला, त्यामुळं विषय काय नीट कळला नाय. मुकादमाला विचारलं. तो म्हणतो, अतिरेकी कसा तयार होतो ते त्यात शिकवतात. मी म्हटलं, आमची पोर मोगरा तोडताना मधमाशीला आधी वाट देते, तिला कसं जमायचं? पण तू हुशार. जमवशील.

आपल्याकडं सोसायटीच्या निवडणुकीत पडलेल्याचासुद्धा फ्लेक्स लागतो, मग तुझा का नाय? परवा लेहला गेलो, तिथून नाशकात द्वारका चौकातल्या फ्लेक्सवाल्या हिरामणला मजकूर आणि तुझा आधार कार्डावरचा फोटो पाठवला. खाली शुभेच्छुक म्हणून सगळ्यांचे फोटो टाक म्हटलं, कुणी रुसायला नको. तू फक्त पासपोर्टाचं बघ. सप्टेंबरात निघायचंय ना?

आई-अण्णांना नमस्कार. दूर असलो तरी माया पातळ होऊ देऊ नये.

तुझा दादा,
कुंदन


मखमलाबाद, नाशिक
२० जून २०२५

ती. दादास, योगिनीचा सा. न. वि. वि.

फ्लेक्स लागला. बस थांब्यासमोर, आपल्या पडवीएवढा. त्यावर लिहिलंय, गावची वाघीण कु. योगिनी हिची दहशतवादासाठी इंग्लंड येथे निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. हिरामणदादाला जाब विचारला तर म्हणाला, शुभेच्छुकांचे फोटो बसवता बसवता जागा संपली, म्हणून उच्च शिक्षण आणि सुरक्षा काढून टाकली. एखादा फोटो काढला असता तर माणूस तुटला असता. आणि आधार कार्डावरच्या फोटोत मी अशी दिसते की मजकूर नसता तरी कुणीतरी पोलिसांना कळवलंच असतं.

दुसऱ्याच दिवशी हवालदारसाहेब आले. मला काही विचारलं नाही, आधी शुभेच्छुकांना गाठलं. बारकूमामा म्हणाले, तो फोटो माझा नाही, माझ्या भावाचा आहे. त्यांना भाऊच नाही. यादवकाका म्हणाले, मी शुभेच्छा दिल्या नव्हत्या, नुसते हात जोडले होते. अण्णांनी वाटलेले पेढे लोक परत आणून देतायत. काहींनी तर अर्धे.

विद्यापीठाचं पत्र दाखवल्यावर साहेब हसले, फ्लेक्स उतरला. पण खरी अडचण पुढे आहे. पासपोर्टच्या चौकशीला शेजारचे दोन साक्षीदार लागतात, मुलगी चांगल्या वर्तनाची आहे असं सही करून सांगणारे. जुलैत कधीही येतील म्हणे, आणि आता गल्लीत पेन हातात धरायला कुणी तयार नाही. साक्ष नाही तर पासपोर्ट नाही, आणि पासपोर्ट नाही तर माझं शिक्षण इथेच थांबलं.

तुझ्यावर रागावले आहे. तरी थंडीत कानाला बांधत जा. राग असला तरी लोभ आहेच, तो तसाच ठेवावा.

तुझी,
योगिनी


रस्त्याचा कॅम्प
२ जुलै २०२५

चि. योगिनीस, आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून जेवण गेलं नाय. म्हणजे गेलं, पण भात परत मागितला नाय.

साक्षीला मीच येतो म्हटलं, तर मुकादम म्हणतो सख्खा भाऊ चालत नाय. मग एक सुचलं. योगिनी दहशतवादी नाही, असा दुसरा फ्लेक्स लावला तर? या वेळी शुभेच्छुक मिळणार नायत, म्हणजे जागाही भरपूर राहील. कसं वाटतं ते कळव.

थट्टा जाऊ दे. माझं शिक्षण माझ्या पायांनी राहिलं, ते एका जागी ठरत नायत. तुझं माझ्यामुळं राहिलं तर मी गावात कुठल्या तोंडानं येऊ? अण्णांना म्हणावं, लागलं तर बारकूमामाच्या पाया पडा.

जमलं तर पूर्वीइतकीच माया असू द्यावी.

कुंदन


मखमलाबाद, नाशिक
२९ जुलै २०२५

ती. दादास, सा. न. वि. वि.

दुसऱ्या फ्लेक्सचं पुन्हा नाव काढलंस तर यंदा राखी पोस्टात पडणार नाही.

चौकशीला तेच हवालदारसाहेब आले. ओट्यावर बसले, चहा झाला, दुसरा चहा झाला, साक्षीदार काही येईना. अण्णा दारोदार फिरून आले. यादवकाकांनी आतूनच सांगितलं की यादव घरी नाही.

तेवढ्यात बांधापलीकडून झुंबरबाई आली. माझ्या जन्माआधीपासून ती बांधावरून आपल्याशी भांडतेय, तुला काय सांगू. आईनं देव्हाऱ्याकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं.

ती साहेबांना म्हणाली, लिहा माझं नाव. या घरावर माझ्याएवढी नजर कुणी ठेवली नाही, यांचं काय सापडतंय हेच मी बघत आले. ही पोरगी जरा जरी वाकडी गेली असती, तर तुमच्याकडे सगळ्यांत आधी मीच आले असते. साहेबांनी विचारलं, या कुटुंबाचं कुणाशी वैर आहे का. ती म्हणाली, आहे की, माझ्याशी. मग सही केली आणि नवऱ्याला हाक मारून त्याचीही करून घेतली. कशावर करतोय, हे त्यानं विचारलंसुद्धा नाही.

साहेब जाताना म्हणाले, इतकी भरवशाची साक्ष अख्ख्या नोकरीत मिळाली नव्हती. काल पासपोर्ट आला. मी निघणार, दादा.

अण्णांना एवढा आनंद झाला की ते वीतभर बांध सरकवून द्यायला गेले. झुंबरबाई भडकली. म्हणाली, साक्ष वेगळी, बांध वेगळा. फुकटची वीत नको, मी भांडून घेईन. सकाळपासून पुन्हा सुरू आहे.

इंग्लंडच्या पत्त्यावरही असाच लोभ पाठवत जावा.

योगिनी


रस्त्याचा कॅम्प
१० ऑगस्ट २०२५

चि. योगिनीस, इंग्लंडला पुरतील एवढे आशीर्वाद. वि. वि.

आज भात दोनदा मागितला. मुकादमानं कारण विचारलं नाय, समजला.

इथले ऑपरेटर दुबईला निघालेत. माझेही पाय शिवशिवतायत, पासपोर्टाचा अर्ज करावा म्हणतो. फक्त चौकशीला साहेब येतील त्या दिवशी झुंबरबाईला कुठंतरी देवदर्शनाला पाठवा. माझ्यावरही तिची तेवढीच नजर होती.

मायेत खंड नसावा.

तुझा दादा,
कुंदन