देव बोलावण्याचा धवला कोणाच्या हाती

मी हंसा काळूराम घरत, वय सत्याहत्तर, शिक्षण तिसरी, राहणार भुईगाव, तालुका वसई, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यावाचून अडत नाही असं वकील म्हणाले. कोणी दमदाटी केलेली नाही. मला दम देणारा गावात कोणी उरलेला नाही. शुद्धलेखन शेजारच्या आशालताबाईंनी तपासलं आहे, शब्द मात्र बदलू दिलेले नाहीत.

१. राहतं घर, विहीर, नारळीची वाडी आणि बँकेत जे निघेल ते माझा एकुलता मुलगा हितेश याला. तो लग्नाचे मंडप बांधतो. मंडपाचे बांबू विहिरीच्या कठड्याला टेकवून ठेवू नयेत, हे मी जिवंतपणी रोज सांगते, आता कायद्याने सांगते.

२. माझ्या पाटल्या आणि पितळी हंडे हितेशची मुलगी रोशनी हिला. कोयता आणि मोरळी, म्हणजे विळी, सुनेला, कारण रोशनीला कांदासुद्धा चिरता येत नाही. तरी पाटल्या तिलाच. का, ते सांगते.

रोशनी मुंबईला जुन्या रेडिओच्या फिती साफ करून कॉम्प्युटरमध्ये भरायचं काम करते. कलावंतांच्या, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या मुलाखती. मला वाटायचं, हे काय काम? मग ती मोबाइलवर एकेक ऐकवू लागली. एक सनईवाला बोलता बोलता पाणी मागतो, घटघट पितो, तेही रेडिओवाल्यांनी ठेवलंय. एका चित्रकाराला विचारलं, तुमच्या चित्रांत निळा रंग एवढा का? तर म्हणाला, तेव्हा तोच स्वस्त होता. विचारणारी बाई हसली आणि गप्प बसली. गप्प बसली म्हणून तो पुढे बोलला, आणि असं बोलला की माझी भाकरी तव्यावर करपली. तेव्हाची माणसं समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यायची. आमच्या घरात ही चाल कधी नव्हती.

एका शनिवारी रोशनी म्हणाली, "आजी, ही कोण ओळख."

पहिल्या खोकल्यालाच ओळखलं. माझी सासू, बायजा घरत. धवलारीण. आमच्यात लग्नाचे विधी धवलारीण गाऊन करते, ती गाणी म्हणजे धवले. सासू गायला लागली की भटजी पोथी मिटून बसायचे. चौऱ्याहत्तर साली रेडिओवाले तिला घेऊन गेले होते. मुलाखत लागायची होती त्या संध्याकाळी सगळी आळी शेजारी ऑस्करच्या घरी जमली, रेडिओ त्यांच्याकडेच होता. नाव पुकारलं आणि सेल बसले. सासू घरी येऊन एवढंच म्हणाली, "मंजे मी बोलले ता कोनी आयकलाच नाय." मरेपर्यंत पुन्हा विषय काढला नाही.

पन्नास वर्षांनी मी ऐकलं. मुलाखत घेणाऱ्या बाईने देव बोलावण्याचा धवला म्हणायला सांगितला. सासू मांडवाच्या मेढी, म्हणजे खांब, उभ्या करण्यापर्यंत गायली आणि थांबली. आवाज असा की भिंतीला हात लावला तर भिंतीत लागावा. बाई म्हणाली, "पुढे?" सासू म्हणाली, "पुढं देव येतात. देव बोलावले नि लगीन नाय, तर त्यांना बसवू कुठं? तुमच्या टेबलावर?"

मग बाईने विचारलं, घरात तुमच्यानंतर कोण गाणार? सासू म्हणाली, "सून हाय, पन तिचा गला फुटका मडका. शब्द मातर एक इसरत नाय. ती मागं बसली नाय तर मी मांडवात पाय ठेवत नाय."

खरं बोलली. पंधरा वर्षं मी तिच्या मागे बसून शब्द पुरवले, ती गायली. मान, साडी, नारळ सगळं तिला. घरी येताना नारळ मात्र मी उचलायचे, तो जड असतो म्हणून. तिच्यानंतर गाणारं कोणी राहिलं नाही. सगळे शब्द आजही माझ्या डोक्यात आहेत, आणि गळा तोच, फुटका.

३. माझा दीर शत्रुघ्न याला माझ्या मिळकतीतलं काही नाही. सामाईक अंगणात भिंत घालून त्याने त्याचं आधीच घेतलं आहे. मुलाखतीचं कळल्यावर भिंतीवरून म्हणाला, "वहिनी, आई दोघांची. आवाज अर्धा माझा."

मी म्हटलं, "कुठला अर्धा पाहिजे? गाते तो, की तुला शिव्या द्यायची तो?"

मुलाखत रोशनी त्याला देईल, ती कोणाच्या एकट्याच्या मालकीची नाही. पण रडायचं असेल तर त्याने त्याच्या बाजूला रडावं.

४. आता देव बोलावण्याचा धवला. वकील म्हणाले, मृत्युपत्र मेल्यावर लागू होतं. मी विचारलं, मग गाणं कसं देऊ? ते चष्मा पुसू लागले. म्हणून हे कलम आजपासून लागू.

सासूचा नियम असा की धवला घरच्या सुनेला द्यायचा. मुलगी, नात परक्या घरी जाते. मला मुलगा एक, त्याला मुलगी एक. माझ्या सुनेने गाणं सुरू केलं की मांजर बाहेर जातं. रोशनीला बसवून पाहिलं. एक ओळ गाऊन तीच म्हणाली, "आजी, माझा गळा तुझ्यावर गेलाय." शब्द मात्र तिला एकदा सांगून पाठ.

घराण्यात दुसरी सून एकच, शत्रुघ्नच्या मुलाची, सिद्धेशची बायको अनुष्का. आचोळ्याच्या फ्लॅटमध्ये वाढलेली, माहेरची माणसं मूळची साताऱ्याकडची, दिवसभर ऑफिसात. तिला काय येणार, असं मी चारचौघांत म्हटलेलं आहे. रोशनीने मला न विचारता तिला मुलाखत पाठवली. एका सकाळी ती भिंतीला वळसा घालून माझ्या स्वयंपाकघरात आली. मी बोंबील साफ करत होते.

"काकी, गाऊन दाखवू?"

"दाखव. बोंबलांना चालेल."

ती गायली आणि माझा हात थांबला. तो सासूचा आवाज नव्हता. तिचा स्वतःचा होता, आणि तोही भिंतीत लागला. मेढी उभ्या झाल्या आणि ती थांबली. मी म्हटलं, पुढची चाल हीच आहे, शब्द सांगते, गा.

"इथे नको, काकी. मांडवातच गाईन."

मी तिला बोंबील दिले. शत्रुघ्नलाही त्यातलेच गेले असणार, इलाज नाही.

म्हणून ठरवते: धवला गाण्याचा हक्क आणि मान अनुष्काचा. तो शत्रुघ्नच्या घरात जातो, हे लिहिताना माझा हात दुखला, तरी लिहिलं. शब्द रोशनीकडे राहतील. ती लग्न करून कुठेही जावो, मांडवात अनुष्काच्या मागे येऊन बसेल. शब्द अनुष्काने मोबाइलवर उतरवून घेऊ नयेत, रोशनीने देऊ नयेत. एकीकडे सगळं गेलं की दुसरीला कोणी बोलावत नाही.

हितेशने धवला संपेपर्यंत डीजे बंद ठेवावा. दोन्ही घरांनी आपापसात बोलावं असं मी म्हणत नाही. मांडवात एकत्र बसावं लागेल एवढं केलं आहे.

नातीला शब्द देऊन सासूचा नियम मी मोडला, हे मान्य आहे. त्याबद्दल दुसऱ्या कोणी मला बोलू नये. सासूला बोलायचं असेल, तर मी तिकडे येतेच आहे.

लिहून देणार: हंसा काळूराम घरत (सही केली आहे, अंगठा नाही)

आमच्या देखत सही झाली:
१. ऑस्कर तुस्कानो, भुईगाव
२. आशालता सदानंद चुरी, निवृत्त शिक्षिका, भुईगाव

ठिकाण: भुईगाव, वसई
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५