कोऱ्या चौकोनाचा हट्ट

३ नोव्हें., सोम. कान्हे
लोणावळ्याला पहिली तालीम. चाळीस वादक, सगळ्यांपुढे लिहिलेले सूर. माझ्या पानावर मधेच एक कोरा चौकोन. तिथं सगळा वाद्यवृंद थांबतो, मी एकटी डबल बासवर जॅझच्या अंगानं सुचेल ते वाजवते, मग सगळे परत येतात.
कुठं संपवतेय ते कुणालाच कळलं नाही. अर्धी व्हायोलिनं आली, अर्धी राहिली.
कंडक्टर सर: "वैशाली, उद्या लिहून आण. तेच वाजव. रविवारी कार्यक्रम आहे, धोका नको."
हो म्हटलं. इतक्या पटकन हो का म्हणते मी.

४, मंगळ.
लिहिलं. सात वेळा खोडलं. वाजवलं, सर खूश. शेजारचा चेलोवाला म्हणाला, "काय सुचतं गं तुला!" लिहिलेलं पान पालथं घातलं.

५, बुध.
पत्रकं छापून आली. माझ्या नावाखाली: 'रंगमंचावर आयत्या वेळी सुचलेलं वादन'. तीनदा वाचलं. सरांना म्हटलं, ही ओळ काढा, नाहीतर मला कागदाशिवाय वाजवू द्या.
"ऐकणाऱ्याला काय फरक पडतो?"
"ओळ खोटी पडते, सर."
"पत्रकं पुन्हा छापणार नाही. कागद नसेल तर पुण्याहून दुसरा बासवाला बोलावतो. शुक्रवारी सांग."
पत्रक घडी करून खिशात घातलं.

६, गुरु.
आप्पांना सांगितलं. तीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट. माझे वडील, माझे पहिले गुरू.
"वरातीत कोन लिवून वाजवतं? नवरदेव मारुतीपाशी किती येळ थांबंल, कुनाला ठावं? त्यो हलंस्तवर गानं ताणायचं. मी ट्रंपेट उचलला की सगळी एकदम पयल्या वळीवर."
"कुणी बघितलंच नाही तर?"
"बगत्यात. त्यान्ला बी घरी जायचं असतंय."
आई आतून: "वराळ्याच्या कंपनीतली नोकरी सोडलीस ह्या वाजवण्यापायी. आता ह्ये बी घालव."

७, शुक्र.
सरांना सांगितलं. कागद नाही. मी मान वर करीन, तिथून चार मात्रा मोजून सगळ्यांनी यायचं.
"म्हणजे मी बासवालीकडं बघायचं?"
"तेवढा वेळ, सर."
मागं कुणीतरी हसलं. 'सॉरी' जिभेवर आलं होतं. गिळलं.
तरी सरांनी सहा वेळा करून घेतलं. पाचव्यांदा सगळे बरोब्बर आले. सहाव्यांदा पुन्हा फुटले. सर म्हणाले, उद्या कळवतो.

८, शनि.
सरांचा फोन. पुण्याचा बासवाला येतोय. उद्या तूही ये, सकाळच्या तालमीनंतर ठरवू.
"तो त्या चौकोनात काय वाजवणार?"
"तू लिहिलंयस ते."
"ते माझ्या पिशवीत आहे, सर. देणार नाही."
पलीकडे कुणीतरी तारा जुळवत होतं. मग एवढंच, "दहाला ये."
बास दोन गोधड्यांत बांधून दाराशी ठेवलाय. आप्पा उद्या सकाळी साडेआठला टेम्पो काढतायत.