टेरिकॉटची पिशवी

२ जाने. ९४, रवि. जिंतूर.
ट्रंक उपसली. शाळेत शिकवली ती कवितांची पुस्तकं एकत्र ठेवायला पिशवी हवी. सुमनला, सूनबाईला म्हटलं, मीच शिवतो. "मामा, बोट शिवून घेताल," म्हणाली, पण मशीन काढून दिली. तळाशी राखाडी टेरिकॉट निघालं, घडीसुद्धा न मोडलेलं. हिनं कधी बाजारातून आणलं असावं. ही जाऊन सहा वर्षं झाली. विचारायचं कुणाला.

४ जाने.
कापड बेतलं. दोन चौकोन, दोन बंद. कात्री चालवताना तोंडात चौथीतली पाखरांची कविता, चालीवर. तिसरं कडवं आठवेना. वर्गात ते अडलं की भिंतीपलीकडून भिवाजी मास्तर पुढची ओळ सांगायचे. शिकवायचे गणित, कान माझ्या कवितेला. किती दिवसांत ते नाव...

५ जाने.
बंद उलटवून टीप घालायला घेतला तर काठाला शाई. "भिवा". पुढची अक्षरं नाहीत. केरातून कातरण शोधलं, जोडून पाहिलं. त्यांचंच नाव. आहेराच्या कापडावर देणाऱ्याचं नाव घालायची आपली रीत. मी ते मधून कापलं.

मग सगळं आठवलं. सुमनच्याच लग्नातला आहेर, ७७ चा. मास्तर म्हणाले होते, "गुरुजी, धोतर सोडा आता. पँट शिवा. मी बघणार हाय." पाटलांच्या आहेरातल्या कापडाची पँट महिन्यात शिवून झाली. हे कापड हिनं बाजूला ठेवलं. का, ते ती बोलली नाही, मी विचारलं नाही. मास्तर बौद्धवाड्यातले. दोघांनाही ठाऊक होतं. मास्तरांनी विचारलं की म्हणायचो, शिंप्याकडं टाकलंय. वर्षभर म्हणालो.

८ जाने.
टीप वाकडी गेली. उसवली, पुन्हा घातली. सुईत दोरा सुमन ओवून देते.
७८ चं कधी लिहिलं नाही. विद्यापीठाच्या नामांतरावरून गावं पेटली तेव्हा मास्तरांच्या वस्तीतली घरं जळाली. दिवसाढवळ्या. धूर आमच्या अंगणातून दिसत होता. मी दाराला कडी घालून वह्या तपासत बसलो. खरंच तपासल्या. गुणही दिले.
मास्तरांनी बदली घेतली, देवगाव फाट्याला घर केलं. जालन्याची एस्टी तिथूनच जाते. कितीदा गेलो. फाटा आला की पेपर डोळ्यांसमोर धरायचो.

१४ जाने. संक्रांत.
रेडिओवर विद्यापीठाचं नाव अखेर बदलल्याची बातमी. गल्लीत कुणी काही बोललं नाही. मीही नाही.
पिशवी झाली. एक बंद बोटभर आखूड. उरलेलं नाव आतल्या बाजूला घेतलंय. सुमनला सांगितलं, कापड कुणाचं ते. म्हणाली, "नेऊन द्या की त्यांना. हितं बसून काय करायलात?"

१६ जाने.
गेलो. मास्तर अंगणात हरभऱ्याचे ढाळे निवडत होते. केस पार पांढरे. "या गुरुजी." एवढंच. त्यांच्या मंडळींनी चहा दिला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या घरचा चहा प्यालो, हे कपातलं संपल्यावर ध्यानात आलं.
पिशवी पुढं केली. त्यांनी उलटसुलट करून पाहिली. बंदावरचं अर्धं नाव अंगठ्यानं चाचपलं. "शिंप्यानं लय दिवस लावले." बाई हसल्या. ते हसले नाहीत.
म्हटलं, मास्तर, त्या दिवशी मी घरातच होतो.
"म्हाईत हाय. तुमच्या दाराकडं बघतच निघालतो आमी."
पुढचं सगळं मनात पाठ करून गेलो होतो. एक शब्द आठवेना. अशाच गप्प उभ्या राहिलेल्या पोरांना मी छड्या दिल्यात.
उठलो तर त्यांनी पिशवी ढाळ्यांनी गच्च भरून हातात दिली. म्हटलं, ही तुमच्यासाठी आणलीय. "रिकामी कशी पाठवू? न्या. जड न्हाई."
एस्टीत मांडीवर धरून आलो.

१७ जाने.
सुमन सकाळीच सोलायला बसली. एक घाटा फोडून तोंडात टाकला, एक मला दिला. कोवळा होता. कुणाकडचे, हे तिला माहीत होतं. मीच उगाच तिच्या तोंडाकडं पाहत राहिलो.
पिशवी खुंटीला. शेजारणीची वाटी भरून परत करावी तशी त्यांनी दिली, की माझ्याकडून काही घ्यायचंच नव्हतं? त्यांचा चेहरा आठवून पाहतो, कळत नाही.
सुमन म्हणते, "भरून आली तर भरून न्यायची, मामा. त्यात काय एवढं?"
काय भरू, विचारलं.
"ते तुमचं तुमी बघा."