चिमूटभर जस्त

बुधवार, ता. ९
दुपार

ताईस धाकट्याचा नमस्कार.

पत्राला कारण तसं काही नाही. मी बरा आहे. तू आणि भाऊजी बरे असाल. मशीन बंद आहे, नुसतं बसवत नाही, म्हणून लिहायला घेतलं. अक्षर लागलं नाही तर भाऊजींना दाखवू नकोस, तूच लाव.

माझं काम काय ते तुला कधी सांगितलंच नाही. तळ्यातल्या माशांचं खाद्य बनवतो. सगळे मला मसालेवाला म्हणतात. वजनकाट्यावरची मावशी रोज एक पुडी बांधून देते. त्यात जस्त, तांबं, असलं काय काय, चिमूट चिमूट. ती पुडी आधी ओंजळभर पिठात कालवायची, मग बादलीभर, मग टपभर, तेव्हा कुठे खाद्याच्या मोठ्या घाण्यात. म्हणजे प्रत्येक माशाच्या वाट्याला येते. अर्धा तास जातो. आणि मला एका जागी अर्धा तास म्हणजे शिक्षा, तुला ठाऊकच आहे.

माशांचे डोळे पांढरे झालेत, ताई. निम्मं तळं आंधळं. खाद्य तोंडाशी आलं तरी दिसत नाही, एकमेकांवर आपटतात. डॉक्टरनं खाद्य तपासलं, म्हणाला, यात जस्तच नाही.

साहेबांनी मावशीला धरलं. पुड्या हलक्या बांधल्या म्हणून. ती माझ्याकडे वळली, "अरे मसालेवाल्या, रोज तूच सोडायचास ना पुडी? हलकी लागायची का रे?"

मी म्हणालो, "मला अडाण्याला काय कळतंय, मावशी."

तिनं डोळे चोळले. मग म्हणाली, "माझीच नजर गेली असेल बाई." काल चष्मेवाल्याकडे जाऊन आली. आज चार वाजता तिला कामावरून काढणार आहेत.

तीन महिने मी पुडी कालवलीच नाही. गटारात झटकायचो. एवढ्या ढिगात चिमूटभर, दर्यात खसखस, असं वाटायचं. कागदावर मात्र रोज बरोबरची खूण. तेवढं लिहायला येतं मला.

साडेतीन झाले. तीनदा उठून साहेबांच्या दारापर्यंत गेलो आणि परत येऊन लिहायला बसलो. आता उठलो की आतच जाणार. आईला एवढ्यात सांगू नकोस, मी सांगेन.

पाकिटामागे माझा पत्ता लिहीत नाही. ही खोली नोकरीबरोबर मिळालेली आहे.

तुझाच,
धाकटा