आबांनी परस्पर जोडलेली वायर

प्रिय आबा,

तुमच्या फोटोभोवतीचे दिवे मी काल बंद केले, म्हणून काकांनी, तुमच्या लाडक्या धाकट्या भावानं, फर्मान काढलंय: "फोटोपुढं उभी ऱ्हा आन दादाची माफी माग." म्हणून हे पत्र. पण माफीबिफी काही मागणार नाही. उलट मलाच तुम्हाला जाब विचारायचा आहे!

तुमचं तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी मी कामाला बसले. कोरेगावच्या एका बंगल्याचं एलिव्हेशन, म्हणजे दर्शनी बाजूचं चित्र, अडकून पडलं होतं. दहा मिनिटांत कॉम्प्युटर धाडकन बंद. पुन्हा चालू केला, पुन्हा बंद. सीपीयू उघडून बघते तर ग्राफिक्स कार्ड, ज्याच्या जिवावर मी ही घरांची थ्रीडी चित्रं काढते ते, तव्यासारखं तापलेलं आणि त्याच्यावरचा पंखा ढिम्म!

काकांना तेवढंच हवं होतं. "बघ, दादाचीच इच्छा दिसतीया. सोड हे आता. बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भर. शेवटपर्यंत तेच सांगत व्हता का न्हाई?"

सांगत होतात, आबा. खोटं कशाला बोलू? "सुजे, चित्रं काढून जन्म जातो व्हय?" हे वाक्य मी रोज आमटीबरोबर गिळलंय. कार्ड गेलं तर माझं कामच गेलं, आणि नवं कार्ड आपल्या आवाक्यातलं नाही. काकांनी पुढं केलेला फॉर्म मी टेबलावर ठेवून घेतला.

मग सगळा राग कराडच्या दुकानदारावर निघाला. दोन वर्षांपूर्वी हाच पंखा बंद पडला होता, तेव्हा तुम्ही कार्ड टॉवेलात गुंडाळून, पिशवीत घालून एस.टी.नं त्याच्याकडे नेलंत आणि दुरुस्त करून आणलंत. परत बसवलंतही तुम्हीच, मला हात लावू दिला नाहीत. त्यानंच दुरुस्त केलं असं मी समजून चालले. सीपीयू मांडीवर घेऊन साताऱ्याहून कराडला गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्याला असा झाडला, की विचारू नका!

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ताई, म्या ह्याला हातच लावलेला न्हाई. कार्डातनं पंख्याला करंटच येईना, टाकून द्या म्हणलं तुमच्या वडलांना. ते स्टुलावर बसले, पंख्याची प्लस कुठली आन मायनस कुठली तेवढं इचारलं. म्हणाले, 'आमी फौजेत ट्रकची वायरिंगं केल्यात. पंख्यानं कार्डाच्या तोंडाकडं बघत कशाला बसायचं? त्याला येगळी लाईन देतो.' आन गेले."

सीपीयूच्या मागच्या जाळीतून एक लाल-काळी वायर लोंबत होती, बोटभर अंतरावर चिकटपट्टी गुंडाळलेली. ती हातात धरून त्यानं विचारलं, "हिचं टोक कशात व्हतं?"

जुन्या वायफायचा तो अडॅप्टर! टेबलामागच्या बोर्डात, वायरींच्या गुंत्यात कायम खुपसलेला असायचा आणि मी त्याला निकामी समजायचे. तेराव्याला तुमच्या फोटोभोवती लाइटची पट्टी लावायला काकांनी तोच उपसून नेला होता, "रिकामाच हाय" म्हणत. म्हणजे फोटोला उजेड आणि माझ्या कार्डाला आग!

घरी आले, फोटोचा अडॅप्टर काढला, पंख्याला जोडला. पंखा फिरला, आबा! काका मात्र पेटले. "बापाचा फोटू अंधारात ठेवतीस? लाज वाटत न्हाई?" नाही वाटत! घरात समई आहे, तेल आहे, वातीही आहेत.

पण माझं खरं भांडण तुमच्याशी आहे. सांगितलं का नाहीत? दोन वर्षं मी त्या दुकानदाराचे गोडवे गात होते आणि तुम्ही समोर बसून मान डोलवत भाकरी मोडत होतात! आईला विचारलं, तर तिला सगळं ठाऊक. म्हणाली, "बोलू नगंस म्हणले मला. 'तिला वाटंल बापाचा होकार हाय. माझा होकार न्हाई. पर काम अडाया नगं तिचं.'"

ही कुठली रीत, आबा? तोंडानं नाही म्हणायचं आणि पाठीमागून वायर जोडायची? तुमच्या 'नाही'शी मी एकटीनं झगडत होते. एकदा, एकदाच माझ्या खुर्चीमागं उभं राहून 'बरं झालंय' म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं? आता ते कुणाच्या तोंडून ऐकू? काल रागानं रडले मी. रडत रडतच बंगल्याची गॅलरी पुरी केली.

बँकेचा फॉर्म फाडून टाकलाय. तुम्ही बोललात एक आणि केलंत दुसरं. मी तुमचं केलेलं धरणार आहे. आणि शब्द देते, यापुढं जो कुणी मला "आबांची इच्छा" सांगायला येईल, त्याला हाताला धरून टेबलामागं वाकवीन आणि ती वायर दाखवीन. पहिला नंबर काकांचा. त्यांचे गुडघे दुखतात, तरीसुद्धा.

तुमच्यावर अजून चिडलेली,
सुजी