मृणाली म्हात्रे यांचा दाखला

अष्टमी (रोहा),
११ जानेवारी २०२४

चि. मृणाली हीस बाबांचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. फोन लावत जाऊ नको, मला नुसती घरघर ऐकू येते. कंपनीतल्या बॉयलरनं कान खाल्ले, आणि तू दिलेलं यंत्र कानात शिट्ट्या मारतं. मोबाईलवरची अक्षरं मुंगीएवढी. तेव्हा आपला पोस्टमनच बरा हाय. परवा शेजाऱ्यांनी शेतावर मडक्यात शेंगा भाजून पोपटी लावली होती. वालाच्या शेंगा यंदा चांगल्या भरल्यात. तुझी आई असती तर डबा भरून पेणला धाडला असता. मी थोड्या खाल्ल्या आणि घरी आलो.

आता खुशीची बातमी. तू मणक्याची डॉक्टर, हे मला कळतं. पण तुझ्या लेखांचं मला कधी नीट कळलं नाय. दिवाळीत तू सांगितलंस, की मिठागरातल्या बायकांच्या कंबरेवरचा तुझा लेख आधी कुणी बघत नव्हतं, आता दुसरे डॉक्टर आपल्या लेखांत त्याचा दाखला देतात, आणि जितके दाखले तितकं डॉक्टरचं वजन. ते आता मला पटलं. आपली शकू, माझी चुलतबहीण, तुझ्या लेखातल्या बायकांपैकीच. हल्ली वरसेला मुलाकडे, शिवाकडे असते. तिची कंबर पुन्हा धरली, तर शिवानं तिला मुंबईकडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेली. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, की अशा कंबरेत लवकर स्क्रू बसवलेले बरे, आणि हे संशोधन तुमच्या पेणच्याच डॉक्टर मृणाली म्हात्रे यांचं हाय. शकूनं तुझं नाव ऐकलं आणि तिथल्या तिथं सही केली. येत्या मंगळवारी ऑपरेशन. ती माझी भाची, म्हणून सगळ्या वॉर्डाला सांगत होती म्हणे.

वेळेवर जेवत जा. म्हाताऱ्यावरची माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा बाबा,
हिरामण


पेण,
१९ जानेवारी २०२४

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

तुमचं पत्र काल, गुरुवारी हातात पडलं. मंगळवार होऊन गेला होता. तसाच शिवाला फोन लावला. तो म्हणाला की आई शुद्धीवर आहे, चहा प्यायली, आणि ताई, तुझे फार उपकार झाले.

बाबा, मी लेखात याच्या बरोबर उलट लिहिलं आहे. शकूआत्यासारख्या बहुतेक बायका व्यायामानं, ओझं कमी केल्यानं आणि धीर धरल्यानं बऱ्या झाल्या. ऑपरेशन फार थोड्याजणींना लागलं. आत्याला मी तेव्हाही हेच सांगितलं होतं.

काल ओपीडी उरकल्यावर एकेक दाखला उघडून वाचला. इतके दिवस मी आकडा वाढताना बघत होते, वाचला एकही नव्हता. पहिला दाखला अमोलचा निघाला. माझ्याबरोबर शिकलेला, आपल्याकडे दोनदा जेवून गेलेला अमोल. त्याच्या लेखात एकच वाक्य आहे, की कष्टाचं काम करणाऱ्या बायकांत लवकर केलेली शस्त्रक्रिया हिताची ठरते, आणि त्यापुढे माझं नाव. बाकीच्यांनी माझा लेख उघडलाच नाही. त्याच्यावरून ते वाक्य उचललं, त्यांच्यावरून आणखी कुणी. माझं वजन वाढलं ते न केलेल्या विधानावर.

मुंबईच्या एका संस्थेतून मोठ्या जागेच्या मुलाखतीचं बोलावणं मागच्या आठवड्यात आलं. ते याच आकड्यामुळे. तुम्हाला आनंदानं कळवणार होते. आता त्या पाकिटाकडे बघवत नाही.

तब्येतीला जपा. माझ्यावरचा राग-लोभ, जे असेल ते, कळवत राहा.

आपली,
मृणाली


अष्टमी,
२ फेब्रुवारी २०२४

चि. मृणाली हीस अ. उ. आ.

शकू घरी आली. दोघं धरून उठवतात. जमिनीवर बसायचं नाय, वाकायचं नाय. विचारलं की बरं हाय म्हणते, पण पायाची कळ गेलेली नाय, ते तिच्या तोंडावर दिसतं. तिला मी अजून काही सांगितलेलं नाय.

एक सांगू? मुलाखत देऊन ये. जागा मिळू दे, मग काय ते बोल. शकूचं व्हायचं ते होऊन गेलं. आणि अमोलशी वाकडं घेऊ नको. तुझ्या आईच्या मनात त्याच्याविषयी काय होतं ते तुला ठाऊक हाय. तू चाळिशीला आलीस. माझ्यामागं तुला कोण? दवाखान्यातून खोलीवर येतेस तेव्हा तुझ्याशी बोलायला कुणी नसतं. ज्या घरात कुणी बोलत नाय ते घर कसं असतं, मला कळतं. माझे तर कान गेलेत. तुझे शाबूत हायत.

रागावलीस तरी चार ओळी लिही. तेवढी माया ठेव.

बाबा


पेण,
९ ऑक्टोबर २०२४

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

मधल्या पत्रांत मी नुसतं हवापाणी लिहीत राहिले. आज सगळं लिहिते.

फेब्रुवारीतच अमोलला भेटले होते. त्यानं माझा लेख माझ्यासमोर पहिल्यांदा पूर्ण वाचला. मग म्हणाला, की चूक एका वाक्याची आहे, पण ती काढायला गेलो तर त्यावर उभं असलेलं सगळं हलेल, त्याचंही आणि माझंही. मुलाखत होईपर्यंत थांब, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, शकूआत्या थांबली नाही. त्यानं विचारलं, कोण शकूआत्या? आताच ज्या पानावरून तुझं बोट गेलं, त्या पानावर ती आहे, असं मी सांगितलं. त्याला वाईट वाटलं, बाबा. खरंच वाटलं. पण दुरुस्तीच्या पत्रावर सही करायला तो तयार झाला नाही.

मग मी एकटीनंच ते पत्र त्याचा लेख छापलेल्या नियतकालिकाला पाठवलं. मुलाखतीत त्यांनी काही विचारायच्या आत स्वतःहून सांगितलं, की हे दाखले माझ्या म्हणण्याचे नाहीत. त्यांनी माझ्या प्रामाणिकपणाचं कौतुक केलं, चहा दिला, आणि जागा दुसऱ्याला दिली. ऑगस्टमध्ये माझं पत्र शेवटच्या पानांत छापून आलं. त्याचा दाखला अजून कुणी दिलेला नाही. जुनं वाक्य मात्र चालूच आहे, गेल्या आठवड्यात आणखी दोघांनी उचललं.

अमोल दर रविवारी फोन करायचा. आता करत नाही. गणपतीपर्यंत खिडकीखालच्या मूर्तींच्या कारखान्यातली माणसं बोलायची, रेडिओ लावायची, तेवढी सोबत व्हायची. आता तिथंही कुलूप आहे. रविवारी मी दुपारीच झोपून टाकते. तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं.

काळजी करू नका, असं लिहिणार होते. पण करा. कुणीतरी करत आहे असं वाटू दे.

आपली,
मृणाली


अष्टमी,
२४ ऑक्टोबर २०२४

चि. मृणाली हीस अ. उ. आ.

तुझं पत्र खिशात घालून वरसेला गेलो आणि शकूला सगळं सांगितलं. माझा आवाज किती चढतो ते मला कळत नाय. सगळ्या चाळीनं ऐकलं असणार. शिवा माझ्यावर भडकला. आई कशीबशी सावरतेय आणि आता हे कशाला, असं काहीतरी त्याच्या तोंडावरून वाटलं. शकूनं भिंतीकडे तोंड केलं.

निघताना ती काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाय. शिवानं कागदावर लिहून दिलं. मृणालीला यायला सांग, तिच्या तोंडून ऐकायचंय, असं ती म्हणाली.

जाऊन ये, पोरी. मी बरोबर येऊ का ते कळव.

बाबा


पेण,
१८ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

काल वरसेला जाऊन आले. एकटीच गेले, रागावू नका.

शकूआत्या खुर्चीत बसली होती. शिवा आत निघून गेला. मी जे लेखात लिहिलं होतं ते तिला सांगितलं, मग ते उलटं कसं झालं ते सांगितलं. माझं संपल्यावर म्हणाली, की मिठागरावर मी तिला व्यायाम सांगितले तेव्हा तिला वाटलं होतं, हिला काय येतंय, नुसते पाय उचलायला सांगते. आणि मोठ्या डॉक्टरनं नाव घेतल्यावर वाटलं, आपली मृणाली म्हणते तर बरोबरच असेल. तिनं विचारलं, की गो, तुझं ऐकलं नाय आणि तुझ्या नावाचं ऐकलं, असं कसं झालं?

ती रडली. मला वाटलं होतं मी रडेन, पण मला रडूच येईना. मग तिनं पाठ वळवली आणि टाक्यांची जागा बघायला सांगितली. ती नीट भरली आहे. कळ राहील, हे मी खरं ते सांगितलं. त्यावर ती म्हणाली, की ते तिला माहीत आहे, तिला बाहेर जायचंय. घरातली माणसं घाबरतात म्हणून कुणी तिला गल्लीपर्यंतही नेलेलं नव्हतं.

मी तिला धरून नेलं. फार हळू चाललो. माझ्या दंडावर तिचा सगळा भार होता. तिनं मला माफ केलंय की नाही, मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही. कोपऱ्यावर एका बाईनं विचारलं, की ही कोण? आत्या तिला म्हणाली, आमच्या हिरामणची पोर. डॉक्टर म्हणाली नाही.

पुढच्या रविवारी पुन्हा जाणार आहे. तिथून तुमच्याकडे जेवायला येईन, भात थोडा जास्त टाका.

तुमच्या मायेत ठेवा.

आपली,
मृणाली